सिस्टरांची बोली आणि आपले पदार्थविज्ञान

"मामा, किडनी ट्रे द्या. मावशी, ड्रम आला का? आणि सहा नंबरच्या आजींना रक्त चढवायचंय, निळी नको, गुलाबी काढा."

विद्यार्थीमित्रांनो, महाराष्ट्रातील कोणत्याही रुग्णालयाच्या सामान्य कक्षात घटकाभर उभे राहिलात तर अशी वाक्ये तुमच्या कानांवर पडतील. येथे 'मामा' म्हणजे वॉर्डबॉय, 'मावशी' म्हणजे आयाबाई आणि बोलणाऱ्या बाई म्हणजे परिचारिका. त्यांना लहानथोर सारेच 'सिस्टर' म्हणतात. ही नाती कोणालाही समजतात. घोटाळा होतो तो पुढच्या शब्दांचा. सहा नंबरच्या खाटेवरील आजींना त्यांतला 'किडनी' एवढाच शब्द ओळखीचा असतो, आणि तो ऐकताच त्यांच्या पोटात गोळा येतो.

वस्तुतः किडनी ट्रे म्हणजे मूत्रपिंडाच्या, किंवा राजम्याच्या दाण्याच्या म्हणा, आकाराचे एक पसरट भांडे. त्याची आत वळलेली कड रुग्णाच्या हनुवटीखाली किंवा अंगाच्या गोलाईला नेमकी बसते आणि ओकारी किंवा जखम धुतलेले पाणी खाली सांडत नाही. एवढाच त्या 'किडनी'चा अर्थ! 'ड्रम'चा वाजण्याशी काही संबंध नाही. मलमपट्टीचे गॉज आणि कापूस ज्यात भरून वाफेने निर्जंतुक करतात तो पोलादी गोल डबा म्हणजे ड्रम. त्याच्या कडेला भोके असतात, त्यांतून वाफ आत शिरते आणि काम झाले की सरकती पट्टी फिरवून भोके बंद करतात. ज्या भांड्यात हा ड्रम ठेवतात ते घरच्या प्रेशर कुकरचे थोरले भावंडच होय. वातावरणाच्या दाबापेक्षा चौरस इंचास १५ पौंड दाब अधिक असला की पाणी १००° ऐवजी १२१° सेल्सिअसला उकळते, आणि त्या वाफेत चिवट जीवाणूही तग धरत नाहीत.

प्रत्येक धंद्याची स्वतःची बोली असते. सुताराची असते, गवंड्याची असते, एस.टी.च्या वाहकाची असते. घाईच्या कामात लांबलचक नावे कोण घेत बसणार? तेव्हा परिचारिकांनी आखूड शब्द वापरले तर त्यात नवल नाही. पण गवंड्याची बोली विटेला समजली नाही तरी भिंत उभी राहते. रुग्णाला मात्र कान असतात, भीती असते, आणि हातपाय हलवण्याची मोकळीकही असते. म्हणून सिस्टरांचा शब्द त्याला उलगडून सांगितला आहे की नाही, यावर पुष्कळदा उपचाराचे यश अवलंबून असते. गंमत अशी की यांतील बहुतेक शब्द उलगडताना जे हाती लागते ते तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातील पदार्थविज्ञानच असते.

'सलाईन' हा शब्द घ्या. तो आता मराठीच झाला आहे. शिरेतून जे जे थेंबथेंब जाते त्या सर्वाला आपण सलाईन म्हणतो. सलाईनचा खरा अर्थ मिठाचे पाणी. कक्षात ज्याला 'एनएस' म्हणतात ते नॉर्मल सलाईन म्हणजे दर १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ. हे प्रमाण रक्तद्रवाशी जुळते घेतलेले आहे. निव्वळ पाणी शिरेत सोडले तर परासरणाने ते तांबड्या पेशींत शिरेल आणि पेशी फुगून फुटतील. 'डी-फाइव्ह' म्हणजे शेकडा ५ ग्लुकोज, म्हणजे साखरेचे पाणी. 'डीएनएस'मध्ये साखर आणि मीठ दोन्ही असतात. 'आरएल' म्हणजे रिंगर लॅक्टेट. यातील रिंगर हे सिडनी रिंगर या इंग्रज वैद्याचे नाव. पुढे हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने त्यात लॅक्टेटची भर घातली.

आता हिशेब करा. अर्ध्या लिटरच्या एनएसच्या बाटलीत मीठ किती? साडेचार ग्रॅम; जेमतेम चमचाभर. ऊर्जा किती? शून्य. डी-फाइव्हच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यापासून ८५ ते १०० किलोकॅलरी मिळतील, म्हणजे एका भाकरीपेक्षाही कमी. तरीसुद्धा 'अशक्तपणा वाटतोय, एक सलाईन लावा' म्हणून दवाखान्यात हट्ट धरणारी माणसे आपण गावोगाव पाहतो. शरीरातील पाणी धोकादायकरीत्या कमी झाले, किंवा तोंडाने काही घेता येत नसले, तर हेच मिठाचे पाणी जीव वाचवते, यात शंका नाही. १८३२ साली स्कॉटलंडमध्ये थॉमस लॅटा या डॉक्टरने कॉलऱ्याच्या रुग्णांच्या शिरेत ते प्रथम सोडले तेव्हापासून हे ठाऊक आहे. पण १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी असेही दाखवून दिले की, ज्याला पिता येते अशा बहुतेक रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी तोंडाने दिले तरी ते बरे होतात. तेव्हा घरातील कोणाला मधुमेह असेल आणि 'सलाईन लावलंय' असे कळले, तर 'सिस्टर, खारं की गोडं?' असे खुशाल विचारावे. कोणत्याही चांगल्या सिस्टरला हा प्रश्न आवडतो.

बाटलीत काय आहे हे कळले. ते किती वेगाने जावे? येथे 'वीस थेंबांवर ठेवलंय' ही भाषा सुरू होते.

माझ्या आईच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा आठ दिवस मी रुग्णालयात तिच्या उशाशी होतो. शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांच्या मुलाला संध्याकाळची शेवटची एस.टी. गाठायची होती आणि बाटली तर अर्धीच रिकामी झाली होती. नळीवरची चाकी फिरवली की थेंब भराभर पडतात, हे त्याने दोन दिवसांत पाहून ठेवले होते. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि चाकी सैल केली. थेंबांची धार लागली. पलीकडे औषधे देत असलेल्या सिस्टर धावत आल्या. त्यांनी आधी चाकी आवळली आणि मग, मला वाटले होते तशा त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दादा, शेती आहे ना तुमची? वाफा जेवढं पाणी पितो तेवढंच पाटातून सोडता ना? पाट एकदम फोडला तर काय होतं?"

"बांध फुटतो," तो म्हणाला.

"बाबांचं हृदय थकलेलं आहे. एवढं पाणी ते ओढू शकत नाही. मग ते छातीत साचतं, धाप लागते. म्हणून तासाला ठरावीकच द्यायचं. तुम्ही गेलात तरी चालेल, आम्ही आहोत."

तो काही गेला नाही. पुढचे दोन दिवस त्या चाकीवर त्याच्याइतकी कडक नजर कोणाचीच नव्हती. थेंब मंदावले की तोच हाक मारी. औषधशास्त्राचा एकही शब्द न वापरता सिस्टरांनी एका बेजबाबदार माणसाचा पहारेकरी केला. बाटलीत 'केसीएल', म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिसळलेले असते तर धोका याहून मोठा होता. ते वेगाने रक्तात गेले तर हृदय बंदही पडू शकते.

आता थेंबांचे गणित. नेहमीच्या 'मॅक्रो' संचाच्या नळीतून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटर ८ तासांत द्यायचे तर एकूण थेंब १०,०००, मिनिटे ४८०. म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. म्हणून 'वीस-एकवीसवर ठेवा.' लहान मुलांसाठी 'मायक्रो' संच वापरतात. त्याच्या आत बारीक धातूची नळी असते आणि ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तास ६० मिनिटांचा असल्याने येथे हिशेब फारच सोपा होतो: मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मिलिलिटर.

थेंबाचा आकार कशावर ठरतो? नळीच्या तोंडाशी पाण्याला पृष्ठताण धरून ठेवतो. थेंबाचे वजन त्या ओढीपेक्षा वाढले की तो सुटतो. तोंड जितके बारीक तितका थेंब लहान. येथे डोळा मात्र फसतो. मॅक्रोचा थेंब मायक्रोच्या तिप्पट आकारमानाचा असला तरी त्याचा व्यास तिप्पट नसतो. ३ चे घनमूळ सुमारे १.४४, म्हणजे व्यास जेमतेम दीडपट. नुसते पाहून दोन्ही थेंब जवळजवळ सारखेच वाटतात. त्यामुळे 'काल वीस थेंब होते, आजही वीसच करू या' असे जर नातेवाइकाने परस्पर ठरवले आणि संच बदललेला असला, तर रुग्णाला तिप्पट किंवा एक-तृतीयांश द्रव जाईल. चाकीला हात लावू नये, याचे हे दुसरे कारण.

'बाटली वर धरा हो!' ही आणखी एक नित्याची हाक. रुग्णाला शौचाला नेताना नातेवाईक बाटली कमरेपाशी धरून चालतो, आणि पाहता पाहता नळीत तांबडे रक्त उलटे चढते. घरची मंडळी घाबरून ओरडतात. कारण साधे आहे. पाण्याच्या एक मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब म्हणजे पाऱ्याच्या सुमारे ७३ मिलिमीटर स्तंभाइतका. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून १००० ला १३.६ ने भागायचे. आडव्या माणसाच्या हातातील शिरेत दाब असतो पाऱ्याच्या पाच-दहा मिलिमीटरचा. बाटली मीटरभर उंच टांगलेली असली की पाण्याचा दाब शिरेवर सहज मात करतो. ती हाताच्या पातळीखाली गेली की शिरेचा दाब जिंकतो आणि रक्त नळीत येते. बाटली वर उचलली की ते परत जाते. हे आधी सांगून ठेवले तर ओरडा होत नाही.

याच बाटलीच्या बुडाशी कधी कधी एक रिकामी सुई टोचलेली दिसते. तिला 'एअर नीडल' म्हणतात. हवा रुग्णाच्या अंगात जाईल की काय, अशी शंका अनेकांना येते. तुमच्या घरी तेलाच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडताना एक पाडतात की दोन? एकाच भोकातून तेल गुडगुडत, अडखळत येते, कारण आत हवा जायला वाट नसते. कडक बाटलीचेही तसेच. द्रव बाहेर गेला की वर पोकळी होऊ लागते, आतील दाब कमी होतो आणि थेंब थांबतात. सुईतून शिरलेली हवा द्रवाच्या वरच्या जागेत राहते, ती नळीत उतरत नाही. मऊ पिशवी आपोआप चेपते, म्हणून तिला हे काही लागत नाही. अशी उघडी सुई टोचणे मला स्वतःला पसंत नाही, कारण हवेबरोबर धूळ आणि जंतूही आत जाऊ शकतात. गाळणी बसवलेला हवेचा मार्ग ज्यात आधीच असतो असे संच मिळतात, तेच बरे.

आता त्या 'गुलाबी'कडे वळू. हाताच्या शिरेत जी नळी ठेवतात तिला कोणी इंट्राकॅथ म्हणते, कोणी व्हेनफ्लॉन, कोणी व्हिगो. ही मुळात निरनिराळ्या कंपन्यांची आणि त्यांच्या मालाची नावे. झेरॉक्ससारखी ती वस्तूलाच चिकटली. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र नावात नाही. बहुतेकांची समजूत असते की सुई आत शिरेतच आहे. मग ते हात लाकडासारखा ताठ धरून रात्ररात्र झोपत नाहीत. खरे म्हणजे सुई केवळ वाट करून देण्यापुरती असते. नळी शिरेत सरकली की सुई लगेच बाहेर काढून टाकतात आणि आत राहते ती मऊ, वाकणारी प्लॅस्टिकची नळी. "आजी, सुई काढली बरं का, आत नुसती नळी आहे, हात हलवा" या एका वाक्याने माझ्या आईला झोप लागली होती. हे वाक्य सांगायला पाच सेकंद लागतात!

या नळ्यांच्या टोकांचे रंग आंतरराष्ट्रीय संकेताने ठरलेले आहेत. हिरवी १८ नंबरची, गुलाबी २०, निळी २२ आणि पिवळी २४ नंबरची. आता चमत्कार पाहा: नंबर वाढतो तसतशी नळी बारीक होत जाते! हिरवीचा बाहेरचा व्यास सुमारे १.३ मिलिमीटर, पिवळीचा केवळ ०.७. हे उफराटे माप तारेच्या कारखान्यातून आले. जाड तार क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून बारीक करतात. जितक्या जास्त वेळा ओढावी तितकी ती बारीक, आणि तितका नंबर मोठा. इंग्लंडातील तार-धंद्याचे ते 'गेज' सुईला लागले आणि तिथेच राहिले. 'चोवीस नंबरची सुई' ऐकून धसका घेणाऱ्या मुलाला हे अवश्य सांगावे.

हिरवीतून मिनिटाला सुमारे ९० मिलिलिटर द्रव वाहू शकतो, गुलाबीतून ६०, निळीतून ३५, पिवळीतून २०. व्यासात थोडा फरक, पण प्रवाहात केवढा! याचे उत्तर पॉयस्युई या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून शोधले. नळीतील प्रवाह आतील त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या दुप्पट केली की प्रवाह सोळापट. तो लांबीच्या व्यस्त प्रमाणातही असतो. बारीक नळ्या आखूडही करतात, म्हणून प्रत्यक्षात प्रवाह सूत्राच्या नुसत्या पहिल्या भागावरून वाटतो तितका घटत नाही. रक्त पाण्यापेक्षा दाट, तेव्हा त्याला रुंद वाट हवी. आजींसाठी 'निळी नको, गुलाबी काढा' याचा अर्थ हा. मात्र एक सावधगिरी. नुसत्या इंजेक्शनच्या सुयांचा रंगसंकेत वेगळा आहे. तिथे गुलाबी म्हणजे १८ नंबर आणि हिरवी म्हणजे २१! रंग ही त्या त्या वस्तूपुरती बोली आहे. म्हणून नव्या परिचारिकांना वेष्टनावरील नंबर वाचण्याची सवय लावतात.

लघवीच्या नळीचे माप याच्या नेमके उलट. 'सोळाची फोली द्या' म्हटले तर ती चौदाच्या फोलीपेक्षा जाड असते. फोली हे अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांचे आडनाव, आणि सोळा म्हणजे सोळा फ्रेंच. पॅरिसमधील शार्रिएर या उपकरणे बनवणाऱ्या कारागिराने १८४२ साली हे माप काढले. त्याच्या नावाचा उच्चार इंग्रजांना जड गेला असावा. त्यांनी सरळ 'फ्रेंच' म्हणून टाकले. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. सोळा फ्रेंच म्हणजे ५.३ मिलिमीटर बाहेरचा व्यास. व्यासाला π ने गुणून परीघ काढा, तो १६.७ मिलिमीटर येतो, म्हणजे फ्रेंच आकड्याच्या अगदी जवळ. असे का, ते तुम्हीच शोधा. ही नळी आत टिकते ती टोकाशी असलेल्या लहान फुग्यामुळे. तो आत गेल्यावर पाण्याने फुगवतात. हे न सांगितल्यामुळे झोपेत किंवा भ्रमात नळी ओढून स्वतःला इजा करून घेणारे रुग्ण असतात. "आजोबा, आत फुगा आहे, ओढलंत तर लागेल, काढायची वेळ आली की पाणी काढून अलगद काढू" एवढे म्हटले की बहुतेकांचा हात थांबतो. नाकातून पोटात जाणारी 'आरटी', म्हणजे रायल्स ट्यूब, तीही एका डॉक्टरच्या नावाची. जॉन रायल यांनी ती १९२१ साली वापरात आणली.

शेवटी ऑक्सिजन. 'दोन लिटरवर ठेवलंय' हे ऐकून नातेवाइकांना वाटते, एवढा मोठा सिलिंडर आणि रुग्णाला दोनच लिटर? येथे 'मिनिटाला' हा शब्द गिळलेला असतो. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'बी टाइप' आणि 'जंबो' हे सिलिंडरचे शब्द घरोघर पोहोचले. पण त्यात वायू किती मावतो, तो किती वेळ पुरतो, हा हिशेब फार थोड्यांनी केला. बी टाइपची टाकी पाण्याने भरली तर केवळ १० लिटर पाणी मावेल. ऑक्सिजन मात्र वातावरणाच्या सुमारे १५० पट दाबाने भरलेला असतो. बॉइलचा नियम लावा: बाहेर येऊन तो सुमारे १,५०० लिटर होतो. मिनिटाला दोन लिटर गेले तर साडेबारा तास पुरेल. जंबोत सुमारे ७,००० लिटर, म्हणजे याच वेगाने दोन दिवसांहून अधिक. पाण्याच्या लहान बाटलीतून येणारे बुडबुडे वायूला ओलावा देण्यासाठी असतात. ते जोरात आले म्हणजे ऑक्सिजन जास्त जातो आहे, असे मोजमाप त्यावरून करू नये. प्रवाह पाहायचा तो शेजारच्या उभ्या काचनळीतील तरंगत्या गोळीवरून.

अनेक मोठ्या रुग्णालयांत आता भिंतीतूनच ऑक्सिजन येतो, पण रुग्णवाहिकेत आणि लहान दवाखान्यांत सिलिंडर आहेच. तेव्हा एक उदाहरण सोडवा. रात्रीचे अकरा वाजले आहेत. बी टाइप सिलिंडरवरील दाबाचा काटा १५० वरून ५० वर आला आहे आणि गोळी दोन लिटरवर स्थिर आहे. सिस्टर मामांना सांगत आहेत, "अडीचच्या आत दुसरा आणून ठेवा." हा अडीचचा आकडा त्यांनी कसा काढला असेल?